भुतांना ऊन

आमच्या शेजारच्या काकू खळ्यात आंबापोळीशेजारी भुतं वाळवतात. म्हणजे भयकथांची जुनी, काळीपांढरी चित्रमासिकं. इथल्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते, म्हणून त्या पानापानाला ऊन दाखवतात. फाटक्या चेटकिणीला खळ लावताना तिलाच दटावतात, "गप बस गो जरा!"

वाडीत कुणाला ताप आला, की बोट या मासिकांकडे. शेवटी शिमग्यात त्यांचे दीर चार माणसं, नारळ आणि काडेपेटी घेऊन आले. देवाला गाऱ्हाणं घालून ही पीडा होळीत टाकायची, असं ठरवूनच. मी कुंपणापाशी उभा होतो.

काकूंनी दिरांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि डोळे मिटून स्वतःच सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, तुजी लेकरं हितं जमल्येत."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्या पुस्तकांना जो काडी लावील, त्याच्या घरात ह्यातली सगळी भुतं ऱ्हायला धाड!"

"व्हय म्हाराजा!"

सवयीनं तोंडातून निघून गेलं. माझ्यासुद्धा. मग कुणी कुणाकडे बघेना.

काकूंनी पायरीवर नारळ फोडला. "देवासमोर कबूल झालात, भाऊजी," म्हणत खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यांनी दिरांच्या हातावर ठेवला. काडेपेटीवरच.