सुरमईची डोकी

तोंडवलीच्या सुभद्रेइतकं स्वच्छ अंगण मिठबावपर्यंत शोधून सापडलं नसतं. मासे कापले की घाण माडाच्या मुळात पुरायची, वर माती ओढायची, हा तिचा नेम. अशा बाईच्या दारात एकसष्ट साली सरकारी प्रचाराची गाडी उभी राहिली आणि घात झाला.

साहेबाला कचऱ्यावर चित्रपट काढायचा होता. माशांचं पाणी वाटेवर फेकून दाखवा, म्हणाला. पडद्यावर ठळक दिसायला हवं म्हणून कालवणासाठी राखलेली सुरमईची दोन डोकीही फेकायला लावली. सरकारचा माणूस सांगतोय म्हटल्यावर सुभद्रेने मुकाट्याने फेकली. हे कशासाठी, ते तिला कोणी सांगितलं नाही. गाडी गेल्यावर वाट धुऊन काढली ती तिनेच.

पुढच्या मार्गशीर्षात तो चित्रपट तोंडवलीत आला. देवळासमोर होडीचं शीड बांधून पडदा केला. त्याच दिवशी मिठबावची राधाबाई सुभद्रेच्या लेकीला, विमलाला, सून म्हणून पाहायला आली होती. होकार तेवढा बाकी होता. आपलं घर दिसणार म्हणून सुभद्रेनेच तिला हौसेने पुढे नेऊन बसवलं.

शिडावर तुंबलेली गटारं दिसली, घोंगावत्या माशा दिसल्या, रोगी पोरं दिसली. पुढे काय येणार ते सुभद्रेला उमगलं. उठून जावं तर राधाबाई विचारणार, बसावं तर सगळं दिसणार. तेवढ्यात तिथे तिचं स्वतःचं दार उघडलं आणि शिडावरच्या सुभद्रेने घाण वाटेवर भिरकावली.

‘अशाच घरांतून रोग पसरतो,’ कर्ण्यातून आवाज आला.

मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. विमलाने मान खाली घातली. सुभद्रेला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. राधाबाई एकटक शिडाकडे बघत होती. चित्रात आता डोकी वाटेवर पडत होती.

राधाबाई हळूच वळली.

"सुरमयची डोकी वाटेर टाकणारी बाई माका अजून गावाक नाय," ती म्हणाली. "ही तुका कोणी टाकूक लावल्यान, विहीणबाय?"

विहीणबाय म्हटल्यावर सुभद्रेला रडू आवरेना.

वैशाखात लग्न झालं. पण चित्रपट दाखवणारी गाडी काही थांबली नाही. ती देवगडाकडे गेली, फोंडाघाटात गेली. मालवणच्या बाजारात अनोळखी बायका सुभद्रेला ओळखून नाकाला पदर लावू लागल्या. सुरुवातीला ती एकेकीला थांबवून खरं काय ते सांगायची. त्या हसायच्या.

"परत्येक गावात राधाबाई खंय गावतली?" एकदा ती विमलाला म्हणाली. मग तिने बाजाराला जाणंच सोडलं.