शनीला द्यायची सायकल

यांची सायकल मी शनीला बोलले होते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी दया यायला नको.

सायकल काळी, चोवीस इंची, दांड्यांच्या ब्रेकची आणि नखशिखांत पोलादी. उचलायची तर दोन माणसं लागायची. हे बँकेत होते. उज्जैनमधल्या नानाखेड्याहून टावर चौकाजवळच्या शाखेत रोज सायकलनं जायचे, मॅनेजर झाल्यावरसुद्धा. हाताखालचे क्लार्क कारमधून उतरायचे आणि साहेब घामाघूम होऊन सायकलला कुलूप लावत असायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रिटायर झाल्यावर तरी सुटेल म्हटलं, तर कॉलनीत घरोघरी बॅटरीच्या स्कूटर आल्या आणि यांना आणखीच चेव चढला. "त्यांना रात्रभर चार्जिंगला लावावं लागतं. मला सकाळचे पोहे पुरतात," असं चार लोकांत म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

मग कंपवात निघाला. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग बोलणं बारीक झालं, आणि बघता बघता पाय असे झाले की चालता चालता जमिनीला चिकटायचे. माणूस हॉलच्या मधोमध उभा. पुढे जायचंय, डोळे पुढे लागलेत, अंग पुढे झुकलंय, पण पाऊल निघत नाही. ओढलं तर पडतील, सोडलं तरी पडतील. पलंगापासून बाथरूमपर्यंत पंधरा पावलं, त्याला कधी कधी माझा अख्खा कुकर होऊन जायचा.

मुलगा पुण्याला, कॉम्प्युटरच्या कामात. त्यानं एकेक वस्तू पाठवायला सुरुवात केली. पडलं की त्याच्या फोनवर कळवणारं घड्याळ. हे खुर्चीत पेंगले आणि हात धप्पकन खाली आला की तिकडे त्याच्या मीटिंगमध्ये घंटी वाजायची आणि तो घाबरून मला फोन करायचा. मग एक काठी आली. बटण दाबलं की जमिनीवर लाल रेघ उमटायची, ती ओलांडायची, म्हणजे पाऊल निघतं. निघायचंही. चार दिवस निघालं, पाचव्या दिवशी हे त्या रेघेकडेही नुसते बघत उभे राहिले. मुलगा बिचारा आणखी काही शोधायला लागला. आणि मी गेले पंडितजींकडे.

आम्ही महाराष्ट्रातून नोकरीपायी इथे आलेली माणसं, पण एवढी वर्षं उज्जैनला, शनीच्या मोठ्या देवळाच्या गावात राहून शनीशी कोण वाकडं घेईल? पंडितजींनी पत्रिका बघितली, साडेसाती सांगितली, आणि म्हणाले, शनिश्चरी अमावस्येला तेल, काळे उडीद आणि लोखंड दान करा. लोखंड असं हवं की जे बाबूजींच्या हातात रोज राहिलं असेल. माझ्या डोळ्यांसमोर लगेच सायकल उभी राहिली. दोन वर्षं ती जिन्याखाली धूळ खात पडली होती. तिथल्या तिथे तळहातावर पाणी घेतलं, यांचं नाव-गोत्र सांगितलं आणि संकल्प सोडला. घरी येऊन यांना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. हे काही बोलले नाहीत. बोलणं तसंही कमीच झालं होतं, त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

दान द्यायचं ते धड द्यावं, असं माझ्या आईनं शिकवलेलं. म्हणून आदल्या दिवशी पंक्चरवाल्याला घरी बोलावलं. त्यानं दोन्ही ट्यूब बदलल्या, चेनला तेल दिलं, ब्रेक आवळले. मी स्वतः ओल्या फडक्यानं तिचा एकेक स्पोक पुसला. आज आठवलं की अंगावर काटा येतो. इतकी मन लावून मी त्या सायकलची पाठवणी करत होते.

सकाळी पंडितजी लोडिंग ऑटो घेऊन आले. पूजा फाटकाशीच केली. शेवटी म्हणाले, "माताजी, जिनके नाम का दान है, उनका हाथ लगना चाहिए." मी यांना आणायला आत गेले. हॉल, व्हरांडा, मग फाटकाजवळचा ओटा. यात एवढा वेळ गेला की ऑटोवाला दोनदा चहा पिऊन आला. ओट्यावर आले आणि तिथे पाय चिकटले. पंडितजींनी सायकल ओट्याला लावून घट्ट धरली. "बस, हाथ लगा दीजिए बाबूजी."

यांनी हँडलला हात लावला. मग ब्रेक दाबून बघितला. मग घंटीवर अंगठा. मला वाटलं, झालं, आता डोळ्यांत पाणी येणार, म्हणून मी तोंड फिरवून उडदाचं ताट उचलायला गेले. वळून बघते तर उजवा पाय दांड्यावरून पलीकडे! हे सीटवर बसलेले. पंडितजी माझ्याकडे बघून हसले, जाऊ दे, शेवटचं बसून घेऊ दे, अशा अर्थानं. आणि यांनी ओट्याला हातानं रेटा दिला आणि पेडल मारलं.

पंडितजींच्या हातातून सीट सुटली. हातातलं ताट पडलं, उडीद सगळीकडे उडाले. आत्ता पडतील, आत्ता पडतील. डोकं फुटेल, खुबा मोडेल, पोराला मी काय सांगू? पाय उचलायला गेले तर माझेच पाय उचलेनात.

हे पडले नाहीत. कॉलनीच्या बागेला वळसा घालणारा रस्ता आहे, त्या रस्त्यानं सरळ गेले, सुरेख वळले आणि पलीकडच्या बाजूला दिसायला लागले. पाठ ताठ. ज्या माणसाला काल रात्री मी कूस बदलून दिली होती तो माणूस एका लयीत पेडल मारत होता. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. पहिली फेरी पूर्ण करून समोरून गेले तेव्हा मी हाताकडे बघितलं. हात थरथरत नव्हता. खरंच सांगते, तेव्हा मला आनंद झाला नाही, भीतीच वाटली. हा कोण माणूस, असं वाटलं.

दुसरी फेरी. तिसरी. चौथीला माझ्या लक्षात आलं की हे थांबत का नाहीत. जवळ आल्यावर बारीक आवाजात म्हणाले, "उतरता येत नाहीये. धर ना."

मग मात्र धावले. साडी वर खोचली आणि पाचव्या फेरीला कॅरिअर पकडून मागे मागे पळत सुटले. पोराला सायकल शिकवतानासुद्धा मी अशी पळाले नव्हते. पंडितजींनी पुढून हँडल धरलं. दोघांनी मिळून यांना ओट्याशी उतरवलं. जमिनीला पाय लागले आणि हे पुन्हा जागच्या जागी खिळले. हात थरथरायला लागला. एका मिनिटापूर्वीचा माणूस गेला आणि माझा रोजचा माणूस परत आला. त्याचा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. मी ओट्यावर बसकण मारली आणि भोकाड पसरलं.

पंडितजी हळूच म्हणाले, "माताजी, मुहूर्त निकल रहा है. रखवा दूँ गाड़ी में?"

"नहीं पंडितजी. सायकल नहीं दूँगी."

"संकल्प हो चुका है, माताजी. जल छोड़ा है आपने. बोला हुआ दान घर में रखना ठीक नहीं होता."

ते रागावून बोलले नव्हते, काळजीनंच बोलले. म्हणून तर मला ते उडवून लावता येईना. मी शनीला घाबरणारी बाई आहे. तेलाची धार चुकली तरी मला झोप येत नाही. दान दिलं नाही आणि यांना काही झालं तर? दिलं, तर आत्ता पाहिलं ते पुन्हा कधी दिसायचं नाही. मी यांच्याकडे बघितलं. "तुम्हीच सांगा. तुम्हाला ठाऊक होतं का, असं चालवता येतंय ते?"

हे बराच वेळ शब्द गोळा करत होते. "ठाऊक नव्हतं. वाटत होतं. म्हणून तर किल्ली मागत होतो."

किल्ली मागत होते! आठवलं मला. आजाराचं नाव कळलं त्याच दिवशी मी सायकलचं कुलूप लावून किल्ली कपाटात टाकली होती. हे रोज मागायचे. दोन महिने मागितली असेल. मी एकदा चिडून म्हणाले होते, "धड चालता येत नाही आणि सायकल काय चालवणार? हात-पाय मोडून घ्यायचेत?" त्यानंतर त्यांनी कधी मागितली नाही. मी समजले, समजूत पटली. दोन वर्षं माणूस हॉलच्या मधोमध खिळून उभा राहत होता आणि किल्ली माझ्या कपाटात होती.

मी पंडितजींना हात जोडले. म्हटलं, संकल्प मी सोडला होता, मीच मोडते. जो काय दोष असेल तो माझ्या नावावर. घरातला लोखंडी तवा, खलबत्ता, कढई, जे हाताला लागलं ते ऑटोत भरलं. पंडितजी मान हलवत गेले.

डॉक्टरांना फोन केला. त्यांना यात नवल वाटलं नाही. म्हणाले, काही रोग्यांमध्ये दिसतं असं, पण रहदारीत एकट्याला सोडू नका. आणि हेही सांगितलं की आजार थांबलेला नाही, एक दिवस सायकलही जमायची नाही.

तो दिवस येईल तेव्हा माझ्या मनात काय येणार, ते मला आत्ताच माहीत आहे. बोललेलं दान घरात ठेवलं म्हणून झालं, हेच येणार. कोणी कितीही समजावलं तरी येणार. ती भीती मी पत्करली आहे. दर शनिवारी तेल घालते आणि माफी मागते, पण सायकल देते म्हणत नाही.

रोज सकाळी बागेभोवती फेऱ्या होतात. मी बाकावर बसते आणि शेवटच्या फेरीला पळत जाऊन कॅरिअर धरते. परवा मी उठायला लागले तर हे समोरून जाता जाता म्हणाले, "बस गं. आणखी एक." मी बसले. गेली दोन वर्षं यांनी माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं.