वजा ऐंशी आणि चंदेरी रंग

आरोग्य उपकेंद्राच्या गच्चीवर मी तिसऱ्यांदा डिश हलवून बघत होतो आणि लॅपटॉपवरचा आकडा हलायला तयार नव्हता. वजा ऐंशी.

रेडिओ लिंकचा सिग्नल वजा आकड्यात मोजतात. शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला. लिंक बसवली तेव्हा वजा साठ होता. वजा ऐंशीला व्हिडिओ सोडाच, आवाजसुद्धा तुटतो.

गाव कोयनानगरच्या वरच्या डोंगरात. मोबाईलला रेंज नाही. माथ्यावरच्या टॉवरवरून सरळ रेषेत या डिशवर सिग्नल येतो, आणि त्यावरच इथल्या सिस्टर कराडच्या डॉक्टरांशी बोलतात. त्या खालून सारख्या हाका मारत होत्या.

"आवं साहेब, पहिलटकरीण पोरगी हाय, दिवस भरल्यात. बीपी वाढलंय. डॉक्टरांना विचारू तरी कसं?"

बॉसना फोन लावला, उपकेंद्राच्या जुन्या लँडलाईनवरून. खरखरत का होईना, लागला; डॉक्टरांचा नंबर मात्र सिस्टर सकाळपासून लावत होत्या, तो लागत नव्हता.

"भूकंपाचा भाग आहे, टॉवर हलला असेल. अलाइनमेंट कर."

आमच्या बॉसचा भूकंपावर फार विश्वास. अलाइनमेंट म्हणजे दोन्ही डिश अचूक समोरासमोर आणणं. ते सकाळीच झालं होतं. रेडिओही बदलला होता.

मग सिग्नलच्या नोंदींचा लॉग उघडला. सिग्नल दहा दिवसांपूर्वी एका दुपारी पडला होता आणि तसाच राहिला होता. झाड वाढून मध्ये आलं असतं तर हळूहळू पडला असता. म्हणजे त्या दुपारी काहीतरी झालं होतं.

"दहा दिवसांत इथं काही बदललं का?" मी विचारलं.

"न्हाई ओ," सिस्टर म्हणाल्या.

"काय बी न्हाई. समदं जिथल्या तिथं," सुभेदार म्हणाले. फौजेतून निवृत्त झालेला हा माणूस उपकेंद्राची देखभाल बघतो. फौजेत म्हणतात, हलेल त्याला सलाम आणि न हलेल त्याला चुना. सुभेदारांनी ते आयुष्यभर पाळलेलं. आवारातल्या झाडांनाही गेरू.

चहा आला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "गच्ची मात्र लख्ख ठेवलीय."

सुभेदार खुलले. "यात्रेला पावणं येणार, म्हटलं एक हात मारावा. टाकी, कठडा, तुमची थाळी बी. साधा रंग न्हाई, चंदेरी हाय. ॲल्युमिनियमची पावडर असती त्यात. गंज धरत न्हाई."

माझा कप हातातच राहिला. डिशच्या तोंडावर प्लॅस्टिकचं झाकण असतं, कारण प्लॅस्टिकमधून रेडिओलहरी आरपार जातात. धातूवर आपटून परत फिरतात. सुभेदारांनी डिशच्या तोंडावर जवळजवळ पत्राच ठोकला होता, आणि मी सकाळपासून ती चकाकी कौतुकानं बघत होतो. स्वतःचीच लाज वाटली.

चार स्क्रू काढून झाकण उतरवलं. वजा एकसष्ट.

खाली सिस्टरांच्या स्क्रीनवर डॉक्टर दिसले. बीपीचा आकडा ऐकताच म्हणाले, "थांबू नका, आत्ता इकडे पाठवा." दहा मिनिटांत गाडी घाटाला लागली.

सुभेदार झाकण हातात घेऊन उभे होते. "म्हंजे माझ्यापायी त्या पोरीला..."

"तुम्ही रंगवलं, पण मला दिसलं कुठं?" मी म्हणालो. ते खरंच होतं.

कराडला तिला मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. आठवड्यानं नवं झाकण घेऊन गेलो, तर डिशच्या खांबाला पाटी टांगलेली: 'थाळीस रंग लावू नये. हुकमावरून.' पाटी अर्थातच चंदेरी होती. सिग्नलच्या आड नको म्हणून ती तेवढी मागच्या बाजूला टांगून घेतली.

सुभेदार खोटं बोलले नव्हते. रंगवणं म्हणजे बदल नव्हे, ती निगा. तेव्हापासून साइटवर गेलो की 'काय बदललं' असं विचारत नाही. 'इतक्यात काय काय चांगलं केलंत?' असं विचारतो. बिघाड बहुतेक वेळा तिथंच सापडतो.