उरलेल्या दोन विती

वहिनींना शेवटचं पाहिलं तेव्हा त्यांच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क होता. बोलता येत नव्हतं. मी पलंगाच्या कठड्याशी जाऊन उभा राहिलो, तशी त्यांनी सलाइन नसलेला हात चादरीखाली नेला, उजव्या कुशीवरून फिरवला आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरला. अंगठा आणि करंगळी ताणलेली. एक वीत. थोडं थांबून पुन्हा एक. मी मान हलवली. मोजमाप बरोबर होतं... फक्त धोका तिथं नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कार्यालयात आतल्या पानाचे मथळे तपासत असताना रुग्णालयातून फोन आला. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया आणि रक्तात पसरलेला संसर्ग ही कारणं आहेत. नागीण हा शब्द त्यात नाही. आमच्या घरात मात्र सगळं त्या शब्दापासून सुरू झालं.

सुजाता ही माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर अंबरनाथचं. लग्न होऊन विठ्ठलवाडीच्या चाळीत आल्या तेव्हा मी नुकताच वार्ताहर झालो होतो. एकदा निधनवार्तेचं कात्रण हातात धरून त्यांनी विचारलं होतं, "भाऊजी, तुम्ही लोक माणूस मेल्यावरच त्याचं नाव नीट छापता काय? जिवंतपणी आमच्या रेशनकार्डावर पण चुकलेलंच असतं." पुढे दादानं बदलापूरला, बेलवलीत, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे वहिनींकडे यायचे आणि शिलाईचे सुटे धागे कापून परत जायचे. घरभर निळी बारीक लव आणि मोहरीच्या रंगाचे दोरे पडलेले असत. मग दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरले दोन शब्द, 'हं' आणि 'अगं'. तेव्हापासून कितीतरी वर्षं वहिनींनी त्याला उठवलं, पुसलं, भरवलं आणि पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्रंदिवस ठरल्या वेळी त्याची कूस बदलली. स्वतःच्या दुखण्याची त्यांना एकाच कारणानं भीती वाटायची. "मी पडले तर ह्यांची कूस कोण बदलणार?" हा प्रश्न त्या उत्तराची वाट न पाहता विचारायच्या.

दिवाळीनंतर त्यांच्या डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. कात्री धरून एकाच अंगावर बसल्यामुळे असेल, असं त्यांना वाटलं. दोन दिवसांनी तिथं लाल पट्टा उठला आणि त्यावर पाण्यानं भरलेले बारीक फोड. शेजारच्या मालनकाकू वांगणीकडच्या पाड्यावरच्या, मुलाच्या नोकरीमुळे बदलापुरात आलेल्या. त्यांनी पदर बाजूला करून एकदाच पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरी, ही नागीण हाय. कमरेला वेढा घालते. तोंड न् शेपूट मिळाली का माणूस वाचत नाय. आमच्या पाड्यावर एकजण गेरू लावून उतरवतो, त्याच्याकडं चल." वहिनी म्हणाल्या, "काकू, आमच्याकडे बुद्धवंदना असते, मंत्र नसतो." काकूंनी ते मनाला लावून घेतलं नाही. "मंत्र नको घेऊ. नुसता गेरू घे." संध्याकाळी त्यांनी गेरूची पुडी आणून दिली. वहिनींनी ती लावली नाही, आणि टाकलीही नाही. मसाल्याच्या डब्यांमागे ठेवून दिली.

आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून देव नाहीत, अंगात येणं नाही, उतारा नाही. तरी तो शब्द उच्चारला गेल्यावर घराची हवा बदलली. भीतीला श्रद्धा लागत नाही, नाव पुरतं. दुसऱ्या सकाळपासून वहिनी खोलीचं दार लोटून आरशासमोर उभ्या राहू लागल्या. जीन्सचा मोहरी दोरा कमरेभोवती धरायचा, पट्ट्याचं एक टोक पाठीच्या कण्याशी आणि दुसरं पोटावर जिथं पोचलं असेल तिथं, मधला मोकळा भाग चिमटीत पकडायचा आणि तो दोरा विती घालून मोजायचा. दादा पलंगावरून दाराकडे पाहत राहायचा. त्या बाहेर आल्या की त्याला हात दाखवायच्या. पहिल्या दिवशी तीन विती आणि वर काही बोटं. मग तीन. मग अडीच. वहिनी हात हसून दाखवायच्या, पण दादा हसायचा नाही. तो घशातून 'अगं' म्हणायचा, आणि त्या एका शब्दाचे किती अर्थ होतात हे मी त्या आठवड्यात ऐकलं. मी बातमीदार म्हणून पूर पाहिलेत, आगी पाहिल्यात. अडीच विती ऐकून माझ्या तळहाताला घाम आला होता, याची नोंद इथं करायला हरकत नाही.

त्याच दिवशी मी त्यांना बदलापुरातल्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी पट्टा पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या. आख्ख्या गल्लीला."

"हा तोच विषाणू. तो शरीरातून जात नाही. मणक्याजवळच्या एखाद्या नसेच्या मुळाशी झोपून राहतो. शरीराचा पहारा जागा असेपर्यंत उठत नाही."

"मग माझा पहारेकरी कुठं गेला?"

"तेच मी विचारणार होते. झोप किती होते?"

"झोप ह्यांची होते," वहिनी म्हणाल्या. "मी घड्याळ बघते."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते साधारण असं होतं. संकट आलं की शरीर रक्तात काही रसायनं सोडतं. त्यांच्या जोरावर माणूस पळतो, झुंजतो. तेवढ्या वेळापुरतं ते फायद्याचंच असतं. संकट टळलं की ती रसायनं ओसरायला हवीत. पण संकट टळतच नसेल, रोज सकाळी तेच उठत असेल, तर तीच रसायनं संसर्गाशी लढणाऱ्या पेशींना सुस्त करतात. त्यात वहिनींच्या रक्तात साखर वाढलेली निघाली, तीही आतून पोखरत होती. "नागीण झाली याची काळजी करू नका. ती का उठली याची करा," त्या म्हणाल्या. गोळ्या लिहून दिल्या, वर काही लावायचं नाही असं बजावलं. मी विळख्याचं विचारलं. "नस एकाच बाजूची असते. पट्टा सहसा मधली रेषा ओलांडत नाही. विळखा वगैरे काही नसतं."

रिक्षात वहिनींनी गोळ्यांची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "सहसा म्हणाल्या, भाऊजी. नाही म्हणाल्या नाहीत."

"बहुतेक वेळा होत नाही, असा त्याचा अर्थ."

"तुम्हाला घाबरायला पण पुरावा लागतो. मला सहसा पुरतं."

गोळ्या लागू पडल्या. पट्टा पोटाच्या मध्यावर येऊन थांबला. उरल्या दोन विती. दुसऱ्या दिवशीही दोन, तिसऱ्या दिवशीही दोन. फोड सुकले, खपल्या धरल्या. दादा पहिल्यांदा 'हं' म्हणाला. मी दिवसा दादाला सांभाळायला एक बाई ठेवली, पण दादानं तिच्या हातचा घास तोंडात धरून ठेवला, गिळला नाही, आणि वहिनींनी तिला दुसऱ्याच दिवशी चहा पाजून परत पाठवलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "सवतीचा हात ओळखतात हे." मालनकाकूंना त्यांनी पदर बाजूला करून दाखवलं. "बघा काकू, तुमची नागीण अर्ध्यात दमली." काकू म्हणाल्या, "दमली नाय, बसलीय." आम्ही सगळे हसलो. त्यानंतरही वहिनी रोज सकाळी मोजत राहिल्या. कातडीवर नुसते डाग उरले होते, तरी मोजत राहिल्या.

खोकला कधी सुरू झाला ते नेमकं सांगता येणार नाही, कारण कुणी लक्षच दिलं नाही. आधी कोरडा होता. मग अंगात कणकण. डॉक्टरबाईंनी पुन्हा यायला सांगितलं होतं, साखर बघायला आणि छाती तपासायला. वहिनी उद्यावर टाकत राहिल्या, कारण गठ्ठा द्यायचा होता, दादाचं पोट बिघडलं होतं... "खोकल्यानं कोण मरतं? मरायचं होतं तेव्हा मेले नाही," असं त्या फोनवर म्हणाल्या, आणि ते पटण्यासारखं वाटलं. ज्याची भीती होती ते घडलं नव्हतं. एका घरात भीतीही मोजकीच मावत असावी. आमची सगळी त्या दोन वितींवर खर्च झाली होती. वहिनी रोज कमरेवर पहारा देत होत्या, आणि जे यायचं ते छातीच्या वाटेनं आत आलं. एका सकाळी मालनकाकूंचा फोन आला, "तुमची वयनी बोलताना मधीच थांबते. शब्द संपायच्या आत श्वास संपतो तिचा." रुग्णालयात नेईपर्यंत ओठ निळसर झाले होते. स्ट्रेचरवरून त्या एकच वाक्य बोलल्या, तुटक तुटक. "दुपारी... कूस... डावी."

ताणामुळे त्या गेल्या, असं मी लिहिणार नाही. डॉक्टरबाईंनाही नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, असं एका कारणावर बोट ठेवता येत नाही, नागीण आणि न्यूमोनिया दोन वेगळी दुखणी आहेत. पण पहारा ढिला आहे, याची नागीण ही सूचना होती. सूचना आम्हाला मिळाली होती. आम्ही ती धमकी म्हणून वाचली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी दादाला खुर्चीत बसवून पुढे आणलं. भंतेजींनी त्रिशरण दिलं तेव्हा त्याचा डावा हात मांडीवर उघडा पडलेला होता. सगळे पांगल्यावर, मी एकटा राहत होतो ते अंबरनाथमधलं माझं घर बंद करून बेलवलीला राहायला आलो. कार्यालयात आता रात्रपाळी घेत नाही. कूस बदलायला गजर लावतो. तरी प्रत्येक गजराच्या थोडं आधीच जाग येते आणि अंधारात छाती धडधडत असते. ही ती रसायनं, हे मला कळतं. कळल्यानं ती थांबत नाहीत. ज्या वर्षी दादाला कांजिण्या आल्या त्याच वर्षी मलाही आल्या होत्या, आई आम्हाला एकाच कडुनिंबाच्या पाल्यावर झोपवायची. म्हणजे माझ्याही मणक्याशी तो विषाणू झोपलेला आहे.

आरशाच्या खिळ्याला तो मोहरी दोरा अजून लटकतो आहे. परवा आंघोळीनंतर बनियन घालताना डाव्या बरगडीखाली चुरचुरलं. दार लोटून मी आरशासमोर वळलो, हात वर करून नीट पाहिलं. काही नव्हतं. बनियनची शिवण टोचली असेल. बाहेर आलो तर दादा टक लावून दाराकडेच पाहत होता. त्यानं डावा हात चादरीवरून उचलला, अंगठा आणि करंगळी जमेल तेवढी ताणली आणि हात तसाच धरून राहिला. "अगं," तो म्हणाला.

काही नाही रे, असं मी म्हणालो. त्याचा हात खाली येईना. मग मीही माझा हात वर केला आणि त्याला वीत दाखवली. एक. मग दुसरी. तो 'हं' म्हणेपर्यंत दाखवत राहिलो.