तांब्याच्या मापाची कुंची

थंडी पडली म्हनून आज पेटी उघडली, तर वेखंडाचा असा वास आला की मी झाकन धरून तशीच बसले, कारन मागल्या थंडीत कंधारला आईनं माझ्या लेकीची कुंची शिवली तवा घरात हाच वास होता. पोरगी दिवस भरायच्या महिनाभर आधीच झालेली, एवढीशी, मी सारखी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, मला घास गिळायचा न्हाई, आन् आई आपली उन्हात बसून तिची नेसून नेसून मऊ झालेली जांभळी साडी कापून राहिली होती, नवं कापड लेकराला टोचतंय म्हनून. आन् डोस्क्याचं माप कशाचं घेतलं, तर उलट्या तांब्याचं! मला रडूच फुटलं, म्हनलं, "आई, मोसंबीएवढं डोस्कं हाय गं तिचं, ह्यात तर ती बुडून जाईल!" आई दातानं दोरा तोडत म्हनली, "येडे, ह्या थंडीला दुमडून बांध, पुढल्या थंडीला बरोबर बसंल," आन् लगेच सुई ओवायला लागली, जसं काय पुढली थंडी ठरलेलीच हाय. मी नाकाखालचं बोट काढलं आन् त्या दिवशी पोटभर भाकर खाल्ली. आज हितं उदगीरला लेकीला तीच कुंची घातली, कुठं दुमडावी लागली न्हाई, नाडी हनुवटीखाली नीट बसली, पोरगी आरशात बघून खुदकन हसली, आन् आई उन्हाळ्यातच वारली हे इसरून मी जोरात हाक मारली, "आई, बघ गं, बसली!"