माझा दर्यावीर घाबरत का नाही

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. पण सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या घालतोय, लिहिण्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, आणि त्या आनंदातच हे अडकलंय. ऐकाल?

मी काशीदचा. अद्भुत कादंबऱ्या लिहितो. माझा नायक दर्यावीर. त्यानं हात वर केला की लाट थांबते, राक्षस समोर आला की नवी तलवार हजर! लिहिताना काय नशा चढायची! पण वाचणारे एकेक करून गळत गेले. का? मला कळत नव्हतं—की कळून घ्यायचं नव्हतं?

काल धाकटी बहीण सुमन माहेरी आली. अंगणात बोंबील वाळत घालता घालता म्हणाली, "दादा, तुझा वीर कधी घाबरतच न्हाय. मंग आपण त्याच्यासाठी कशाला जीव मुठीत धरायचा?"

मी हसलो. तशी ती हळूच म्हणाली, "मी त्या दिवशी लय घाबरले होते. वाटलं, पळत घरी जावं."

हेच तर! मी त्याला हवं ते सगळं देत गेलो, आणि त्याच्याजवळ गमावण्यासारखं काही उरलंच नाही. आज नवं पान लिहिलं—एक मुलगी, घाबरलेली, तरी पाण्यात शिरणारी. पुढं काय होणार, मलाच ठाऊक नव्हतं! किती वर्षांनी असं झालं!

आणि मग हात थांबला.

'त्या दिवशी' म्हणजे कधी? अलिबागला पुस्तकाच्या कार्यक्रमात मी सांगितलं होतं—काशीदच्या समुद्रात पर्यटकांची एक लहान मुलगी बुडत होती, मी उडी घेतली, तिला ओढून आणलं, दर्यावीर मला तिथं सापडला. टाळ्या पडल्या. सुमन पहिल्या रांगेत होती. तिनंही वाजवल्या.

ते खोटं आहे. पाण्यात सुमन गेली होती. आम्ही शेजारी उभे होतो, आणि पोहण्यात मी तिच्यापेक्षा चांगला होतो. मी मागे सरलो—सुरूच्या बनात शिरलो—आणि ती त्या मुलीला घेऊन किनाऱ्याला लागेपर्यंत झाडाआडून हललो नाही. मग धावलो. मुलीला सुमनच्या हातातून घेतलं, उचलून तिच्या आईकडे नेलं. लोकांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

मागे सुमन वाळूत पालथी पडून खोकत होती. मी वळून पाहिलं नाही.