वैनींनी उघडी ठेवलेली यादी

पांढुर्ण्याच्या ज्या फोटो स्टुडिओत मी कॅमेरा धरायला शिकलो, त्याच्या मालकीणबाईंना आम्ही सगळे वैनी म्हणत असू. स्वतःच्या घरातही त्या दार वाजवूनच खोलीत शिरायच्या. सासूबाई हसायच्या. वैनी म्हणायच्या, "आत कोन कसं बसलं असन, काय माहीत?"

लग्नांचे फोटो क्लाउडवर ठेवणारी वेबसाइट त्यांनीच घरी शिकून बनवली. गिऱ्हाइकानं मोबाइल नंबर टाकला की ओटीपी यायचा, मग टोकन, म्हणजे तात्पुरता डिजिटल परवाना, मिळायचं. अल्बमची यादी मागताना दर वेळी ते टोकन सोबत गेलं, तरच सर्व्हर त्या घरापुरते फोटो दाखवायचा. मला काही उमगेना. वैनी म्हणाल्या, "भाऊ, कोन आलं हे विचारल्याबिगर कपाट उघडाचं नाही. एवढंच."

एका लग्नसराईत ही टोकनं सारखी बाद होऊ लागली. यादी उघडेना, गिऱ्हाइकांचे फोन थांबेनात. वैतागून वैनींनी स्टुडिओची मुख्य किल्लीच, म्हणजे सगळे अल्बम उघडणारा सांकेतिक शब्द, वेबसाइटच्या कोडमध्ये घातली, तेवढ्यापुरती म्हणून. आता यादी पटकन उघडायची, पण कोणालाही, आणि सगळ्यांची. किल्ली काढायची राहून गेली.

त्या यादीत सौंसरच्या एका मुलीचा साखरपुडा होता, मोडलेला. तिचं दुसरीकडे लग्न ठरलं होतं. ते जुने फोटो मोबाइलवरून गावभर फिरले.

मालक, म्हणजे वैनींचे यजमान, म्हणाले, "क्लाउडवाल्या कंपनीकडून झालं म्हनून सांगून दे."

"कंपनीनं नाही केलं. म्या केलं," वैनी खाली बघत म्हणाल्या. आधी त्यांनी ती किल्ली रद्द केली, मग मला घेऊन सौंसरला गेल्या.

मुलीच्या आईनं बसा म्हटलं नाही. दारातच उभं राहून वैनींनी सगळं सांगितलं. मुलगी ऐकत होती.

"त्या साखरपुड्याचं सासरी म्या आधीच सांगतलं होतं, वैनी. लग्न होऊन राहिलं. पन बाजारात गेली का लोक माह्याकडं पाहून हसून राहिले. त्याचं काय करू?"

वैनींचे जोडलेले हात तसेच राहिले.

पुढे वैनी नागपूरला गेल्या. तिथे मुलांना प्रोग्रामिंग शिकवतात. परवा भेटायला गेलो, तर नवा वर्ग सुरू होत होता. मागच्या बाकावर बसलो. पहिल्याच तासाला त्यांनी ही हकीकत सांगितली. मुलीचं नाव घेतलं नाही, गावाचंही नाही. एका पोरानं विचारलं, "मॅडम, कोणी केलं असं?"

वैनींनी फळ्यावर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.